पाणकणीस जळाल्यावर: नांदूर मध्यमेश्वरची फेरी

पहिला दिवस: नाशिक, सायखेडा, चापडगाव

ऊस तुटला की रानात वाळलेल्या पानांचं पाचट उरतं, आणि मार्चमध्ये निफाड तालुक्यात ते पेटवायची घाई सुरू होते. पेटवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, त्याला खोडव्याला, म्हणजे तुटलेल्या उसाच्या नव्या फुटव्याला, पाणी द्यायचं असतं. दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो, ठिणगी बांध ओलांडते आणि जलाशयाच्या कडेच्या वाळलेल्या पाणकणसात, म्हणजे पाण्याकाठच्या उंच गवतासारख्या वनस्पतीत, शिरते. या वेळीही तसंच झालं होतं. आग आदल्या रात्री विझली, सकाळी वन विभागाचा निरोप आला आणि आम्ही आगीत सापडलेले प्राणी शोधून वाचवायला नाशिकहून निघालो. एक पशुवैद्य, पक्षी हाताळणारे दोघं, एक सर्पमित्र आणि सामानाची गाडी.

नांदूर मध्यमेश्वर शहरापासून साधारण ४० किलोमीटरवर आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला. मागे गाळ साचत गेला, गाळाची बेटं झाली, बेटांवर पाणकणीस, लव्हाळा आणि बेशरम माजले. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० मध्ये ही महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ ठरली. पक्षी बघायला येणाऱ्यांना एवढं पाठ असतं. जळालेल्या जागी जाणाऱ्याला त्यापेक्षा पाण्याचं आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक काळाने सुटणारं पाणी, माहीत असायला हवं. गंगापूर-दारणा धरणांतून पाणी सुटलं की इथली पातळी वर येते आणि काल चालत गेलेलं बेट आज तुटतं. आवर्तन संपून पाणी उतरलं की उघड्या गाळावरचं पाणकणीस वाळतं आणि आगीला तयार होतं. म्हणून निघण्यापूर्वी पहिला फोन पाटबंधारे खात्याला करायचा: सध्या आवर्तन चालू आहे का, आणि पुढच्या दोन दिवसांत पाणी सुटणार आहे का.

सामानातला निम्मा भाग निफाडच्याच बाजारात मिळतो. द्राक्षांच्या पुठ्ठ्याच्या पेट्यांना हवेची भोकं आधीच असतात. पाणकोंबडी, वारकरी (कूट), टिटवी एवढ्या पक्ष्यांसाठी त्यांच्याइतकी चांगली पेटी विकतही मिळत नाही. तळाला जुना टॉवेल घालायचा, वर्तमानपत्र नाही, कारण गुळगुळीत कागदावर पाय घसरून भाजलेला पक्षी स्वतःला आणखी इजा करतो. कासव आणि रानमांजरासाठी प्लास्टिकचे क्रेट, झाकण सुतळीने बांधलेले. सापांसाठी उशांच्या सुती खोळी, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे सुट्या दोऱ्यात खवले अडकत नाहीत. वेल्डिंगचे चामडी हातमोजे, रिंगर लॅक्टेट या क्षारयुक्त द्रवाच्या ५०० मिलीच्या बाटल्या, ०.९ टक्के सलाईन, भाजण्यावरचं १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीम, स्वयंपाकघरात वापरतात ती पातळ प्लास्टिकची फिल्म, १ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. अंगात जाड सुती कपडे. नायलॉनचा ट्रॅकसूट घालून जळत्या जागी गेलेल्या माणसाला नंतर कातडीवरून कापड सोलून काढावं लागतं.

चापडगावच्या बाजूला पोचलो तेव्हा जळालेला पट्टा काळा आणि शांत दिसत होता. अशा वेळी आत धावायचा मोह सगळ्यांना होतो आणि पहिल्या दिवशीचे अपघात याच मोहातून होतात. पाणथळीतली आग गवताळ माळासारखी वरून येऊन वरून जात नाही. पाणकणसाच्या मुळांचा आणि कुजक्या पानांचा वीतभर, कधी हातभर थर असतो. वरचा भाग वाळलेला असेल तर विस्तव त्यात उतरतो आणि ज्वाळेशिवाय दोन-तीन दिवस धुमसत राहतो. वर राख थंड, खाली निखारा. कुत्र्याचा, कोल्ह्याचा आणि माणसाचाही पाय तिथेच जातो. इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त पृष्ठभाग दाखवतो, त्यामुळे त्याच्या ४० अंशांवर विसंबून पाय टाकायचा नाही. लांब काठी २० सेंटिमीटर खोल खुपसायची, बाहेर काढून टोकाशी हाताची पाठ धरायची, वास घ्यायचा. धूर निघाला तर ती जागा चुन्याने आखून टाकायची.

धुमसती जागा विझवायला नुसतं पाणी शिंपडणं धोक्याचं आहे. पाणी वरच्या वर वाफ होतं आणि ती वाफ पोटरी भाजते. फावड्याने थर उकरायचा, पाणी ओतायचं, कालवायचं, पुन्हा ओतायचं, चिखल होईपर्यंत. द्राक्षबागेचा फवारणीचा ब्लोअर गावात कोणाकडे तरी असतोच आणि लोक तो आनंदाने देतातही. त्याची टाकी तीनदा धुतल्याशिवाय घेऊ नये, आणि ते धुवण सुद्धा जलाशयाच्या उतारावर ओतू नये. तळाशी राहिलेलं कीटकनाशक उथळ पाण्यात गेलं तर आगीतून वाचलेले मासे आणि बेडूक त्याने मरतील.

म्हणून पहिली संध्याकाळ कडेने फिरण्यात गेली. आत जाणं नाही, फक्त दुर्बीण. घारी आणि कोतवाल कुठे घिरट्या घालतात, गायबगळे कुठे जमलेत, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी रात्रीच्या मुक्कामाला नेहमीच्या जागी उतरतो की जागा शोधत फिरतो. घारी एका जागी वारंवार झडप घालत असतील तर तिथे जखमी किंवा मेलेलं काहीतरी आहे. उद्याच्या शोधाचा नकाशा त्यावरून होतो. दुसरं काम भटक्या कुत्र्यांचं. जळालेल्या पट्ट्यात कुत्री रात्री शिरतात आणि सकाळपर्यंत जखमी ससा, घोरपड, पाणकोंबडी काही उरत नाही. गावातल्या मुलांना आगीच्या जागी येऊ नका असं सांगण्यापेक्षा कुत्री हाकलायला बांधावर बसवलेलं बरं. मुलं पण सुरक्षित राहतात आणि पट्टाही.

दुसरा दिवस: शोध

उजाडताच सुरुवात. दहानंतर काळी राख उन्हाने इतकी तापते की कासवाचं पोटही भाजेल आणि जमीन आगीने गरम आहे की उन्हाने हेही कळत नाही.

चार-पाच जणांची रांग, दोघांत ५ मीटर अंतर, वाऱ्याच्या उलट दिशेने. आग पश्चिमेकडून आली असेल तर प्राणी पूर्वेच्या टोकाला सापडतात, पाण्याने किंवा बांधाने अडवलेल्या कोपऱ्यात. तिथून सुरू करून मागे यायचं. मधल्या पट्ट्यात बहुतेक मेलेले प्राणी मिळतात, जिवंत कडांना. पाटाच्या मोऱ्या, सिमेंटचे पाइप, वेड्या बाभळीची बुंधं, मातीचे खड्डे आणि कठडा नसलेल्या विहिरी यांत उजेड टाकून बघायचंच. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या या भागातल्या सापांना, सरड्यांना आणि बेडकांना वाचवतात. माती उष्णता फार खाली जाऊ देत नाही, वीतभर खाली गेलेला प्राणी जमिनीवरची ज्वाळा सहन करतो. त्यामुळे भेगेत साप दिसला आणि तो हलतोय, तर त्याला काढू नये. धामण आगीपुढे पळते, विरोळा पाणी गाठतो, घोणस मात्र जागेवर दबून बसते आणि तिथेच भाजते. राखेत वेटोळं दिसलं तर ते मेलेलंच आहे असं धरून हात घालणारा माणूस बहुधा दुसरी संधी मिळवत नाही.

मेलेले प्राणीही मोजायचे, तेही त्याच दिवशी. ब्राझीलच्या पँटानलमध्ये, जी जगातली सर्वांत मोठी उष्णकटिबंधीय पाणथळ आहे, २०२० च्या आगींनंतर संशोधक असेच सरळ रेषांत चालले होते आणि आग लागून गेल्यावर लवकरात लवकर. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे १ कोटी ७० लाख पृष्ठवंशी प्राणी थेट आगीत मेले, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा छोट्या सापांचा होता. बातम्यांत जॅग्वार आले, साप आले नाहीत. आपल्याकडेही बिबट्या दिसला तरच गाड्या भरून माणसं येतात. मृत प्राणी दोन दिवसांत मुंगूस, घारी आणि कुत्री संपवतात, म्हणून उशिरा केलेली मोजणी नेहमी कमी भरते. प्रत्येकाचा फोटो शेजारी काठी ठेवून, जागेचे अक्षांश-रेखांश, रांगेपासूनचं काटकोनातलं अंतर आणि प्रजाती. ते अंतर महत्त्वाचं, कारण लांबचा प्राणी दिसण्याची शक्यता कमी असते आणि ती तूट हिशेबात धरायला तेच उपयोगी पडतं.

जिवंत सापडलेल्यांत आज एक जांभळी पाणकोंबडी होती, पिसं करपलेली, चोच उघडी ठेवून श्वास घेणारी. एक धामण, शेपटीकडचे खवले पांढरे पडलेले. आणि गाळातून निघालेलं एक चामडी पाठीचं कासव. उन्हाळ्यात हे कासव ओसरत्या चिखलात स्वतःला पुरून घेतं. चिखलावरचं पाणकणीस जळलं की त्याला पळता येत नाही, आणि त्याच्या पाठीवर इतर कासवांसारखे कठीण खवले नसतात, हाडावर नुसती कातडी असते. त्यामुळे वरून साधी दिसणारी भाजणी हाडापर्यंत गेलेली असू शकते.

जागेवरचा उपचार थोडाच करायचा. पहिलं काम धुराच्या खुणा बघणं: नाकपुड्यांत किंवा चोचीत काजळी, जळालेल्या मिशा, घोगरा आवाज, तोंड उघडून श्वास. अशा प्राण्याला आधी ऑक्सिजन, जखम नंतर. पक्ष्याला मास्क लावायची गरज नाही, पेटीच्या एका भोकातून नळी आत सोडली तरी चालतं. मग भाजलेली जागा साध्या गार पाण्याने धुवायची, बर्फ नाही. मोठ्या प्राण्याला १५-२० मिनिटं. पण पाणकोंबडीएवढ्या जिवाला इतका वेळ भिजवलं तर अंग गार पडूनच जाईल, म्हणून फक्त भाजलेला पाय किंवा पंख दोन-चार मिनिटं, बाकी अंग कोरडं. आग रात्रीच विझली असेल तर थंड करण्याचा फायदा संपलेला असतो आणि पाणी फक्त राख धुवायला वापरायचं. वरून प्लास्टिकची फिल्म सैल घालायची, गुंडाळायची नाही, कारण सूज वाढते आणि पट्टी आवळते.

गावात लोक हळद, तूप, खोबरेल आणि टूथपेस्ट घेऊन येतात. त्यांच्यावर चिडू नये, पण लावू देऊ नये. तेल-तूप पक्ष्याच्या पिसांत गेलं की पिसांची वीण सुटते आणि पाण्यावर तरंगणारा पक्षी भिजून मरतो. हळद जखमेचा रंग झाकते, मग भाजणी किती खोल आहे ते पशुवैद्याला ओळखता येत नाही. लाल आणि दुखणारी जखम वरवरची असते. पांढरी, चामड्यासारखी, हात लावला तरी प्राणी हलत नाही अशी असेल तर ती खोल, आणि न दुखणं हे तिचंच लक्षण आहे.

तोंडात पाणी ओतायचं नाही. ही चूक सगळ्यांत जास्त जीव घेते. धुराने सुजलेल्या घशात पाणी श्वासनलिकेत जातं. दूध-भाताचं तर नावच नको. पेटी बंद, अंधार, आवाज नाही, आणि कोणाला दाखवायला झाकण उघडायचं नाही.

शेकाट्या, टिटवी, ससा यांच्यामागे धावायचं नाही ही वेगळी सूचना. उंच पायांचे पक्षी आणि ससे पाठलागाने इतके ताण घेतात की स्नायू तुटायला लागतात आणि तुटलेल्या स्नायूंतलं द्रव्य मूत्रपिंडं बंद पाडतं. प्राणी हातात आल्यावर ठीक दिसतो आणि दोन दिवसांनी मरतो. काही मिनिटांत जाळी टाकता आली नाही तर त्याला सोडून मागे फिरायचं. बघून हे कठीण जातं, पण पळू शकणारा टिटवीसारखा पक्षी पकडलेल्या टिटवीपेक्षा जास्त जगतो.

तिसरा दिवस: नाशिक, उपचार

वन्यप्राणी घरी ठेवायचा नसतो, तो गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधल्या प्राण्यांबाबत जास्तच. पंचनामा, वन विभागाची नोंद आणि मग त्यांच्या नाशिकच्या उपचार केंद्राकडे. ज्यांना कुठे कळवायचं माहीत नाही त्यांनी १९२६ वर फोन करावा, तो महाराष्ट्र वन विभागाचा क्रमांक आहे.

पाणकोंबडीचं वजन ७०० ग्रॅम भरलं. इथे हिशेब करूनच द्रव द्यावं लागतं, अंदाजाने नाही. आगीतून आलेला पक्षी किमान १० टक्के कोरडा पडलेला आहे असं धरायचं, म्हणजे ७० मिलीची तूट. रोजची गरज किलोला ५० मिली, म्हणजे ३५ मिली. पहिल्या २४ तासांत रोजची गरज आणि निम्मी तूट मिळून ७० मिली, तीन-चार वेळा विभागून. उरलेली तूट पुढच्या दोन दिवसांत. रिंगर लॅक्टेट ३८-३९ अंशांपर्यंत कोमट केलेलं, मांडीच्या पोटाकडच्या सैल कातडीखाली. थंड द्रव दिलं तर पक्षी ते गरम करण्यातच उरलेली ताकद घालवतो. पोट भरणं त्यानंतर, तेही विष्ठा यायला लागल्यावर. उपाशी, गार पडलेल्या पक्ष्याला आधी खायला घातलं तर ते पोटातच आंबतं.

सस्तन प्राण्यात गणित वेगळं असतं. समजा ८ किलोचा कोल्हा आला, चारही पंजे धरून अंगाचा ५ टक्के भाग भाजलेला. भाजलेल्या दर टक्क्याला किलोमागे ४ मिली धरायचं: ४ मिली गुणिले ८ गुणिले ५, म्हणजे १६० मिली, रोजच्या गरजेवर जादा. त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे ८ तास दवाखान्यात आल्यापासून नाही, भाजल्यापासून मोजायचे. आग रात्री आठला आणि प्राणी पहाटे पाचला आला, तर पहिला हप्ता आधीच उशिरा झालेला असतो. म्हणून सापडलेल्या प्रत्येक प्राण्याच्या कागदावर आग कधी गेली ती वेळ लिहिणं वजनाइतकंच गरजेचं आहे. लोक जागा लिहितात, वेळ विसरतात.

धुराबद्दल दोन गोष्टी. कार्बन मोनॉक्साइड रक्तात बसलेला असताना बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ९८ दाखवतं, कारण त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. आकड्यावर विसंबून ऑक्सिजन काढला की प्राणी कोसळतो. दुसरं म्हणजे फुप्फुसात पाणी भरणं २४ ते ७२ तासांनी सुरू होऊ शकतं. पहिल्या दिवशी 'ठीक आहे, सोडून देऊ' म्हणून सोडलेला प्राणी तिसऱ्या दिवशी पाणकणसात मरतो आणि कोणाला कळतही नाही. जखम नसली तरी काजळी दिसलेला प्राणी किमान तीन दिवस ठेवायचा.

वेदनेवर मेलोक्सिकॅम, मात्रा पशुवैद्याची. डायक्लोफिनॅक नाही, ते गिधाडांना मारतं. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, २०२३ पासून केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकही. नाशिकला हे विशेष पाळावं लागतं, कारण अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं आहेत आणि उपचार चालू असताना मेलेला प्राणी उघड्यावर टाकला तर औषध त्यांच्यापर्यंत पोचतं. मेलेला प्राणी जाळायचा किंवा खोल पुरायचा, औषध कोणतंही असो.

धामणीच्या जखमेला क्रीम चालतं, पण ती जमिनीवर सरपटते म्हणून माती-भुसा नाही, रोज बदलायचा स्वच्छ कागद. २८ ते ३२ अंश तापमान, आणि दिव्याची उष्णता थेट नाही, भाजलेल्या कातडीला गरम जागेपासून दूर होण्याचं भान राहत नाही. सापाची जखम भरायला आठवडे नाही, महिने लागतात, दोन-तीन काती टाकेपर्यंत. पाणकोंबडीला मात्र तेलकट क्रीम कमीत कमी, फक्त पायांवर. डोळे सलाईनने धुवून रंगाच्या थेंबाने बुबुळावरचा ओरखडा तपासायचा. हे बहुतेक जण विसरतात आणि आंधळा पक्षी पायाने बरा होऊन बसतो.

पँटानलच्या २०२० च्या आगीतला 'औसादो' नावाचा जॅग्वार पंजे भाजलेला सापडला होता. उपचारानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गळ्यात कॉलर घालून पुन्हा त्याच भागात सोडला गेला. 'अमानासी' ही मादी मात्र परत जाऊ शकली नाही, तिच्या पंजांचं नुकसान जास्त खोल होतं. दोघांच्या आगी सारख्याच, फरक भाजणीच्या खोलीचा. पंजा हा मांसाहारी प्राण्याचा पोटापाण्याचा अवयव आहे. नखांचे स्नायुबंध गेले तर बाहेरून भरलेला पंजाही शिकारीच्या कामाचा राहत नाही, हे सोडण्याचा निर्णय घेताना बघायचं.

चिलापी (तिलापिया) माशाचा विषय इथे निघतोच, कारण नांदूरच्या जाळ्यांत ती भरपूर येते. ब्राझीलमध्ये माणसांच्या भाजण्यावर चिलापीची निर्जंतुक केलेली कातडी वापरून बघितली गेली, आणि २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आगीत भाजलेल्या अस्वलांच्या पंजांवरही. वरून तांदळाचा कागद आणि मक्याची सालं. त्यातली हुशारी अशी की अस्वलाने पट्टी खाल्ली तरी पोटात अडकत नाही. कापसाची पट्टी मांसाहारी प्राणी गिळतो आणि आतडं बंद होतं. पण बाजारातून चिलापी आणून सोलून लावायची नाही. निर्जंतुक न केलेली ओली कातडी म्हणजे उघड्या जखमेत जंतू ठेवणं, आणि निर्जंतुकीकरण हे प्रयोगशाळेचं काम आहे.

कासवाला रोज दोन वेळा हनुवटीच्या खाली राहील इतक्या स्वच्छ कोमट पाण्यात १५-२० मिनिटं, मग पुसून क्रीम, मग ओल्या टॉवेलवर २८-३० अंशांत. कायम पाण्यात ठेवलं तर जखमेवर बुरशी येते, कायम कोरडं ठेवलं तर ही मऊ पाठ भराभर पाणी सोडते. भिजवण्याआधी आणि नंतर वजन. वाढलं तर ते पाणी पितंय.

चौथा दिवस: उसातले पिल्लू

हा दिवस ठरलेला नव्हता. शेजारच्या शिवारात पाचट पेटवण्याआधीच्या फेरीत उभ्या उसाच्या कडेला मांजरीएवढी पिल्लं दिसल्याचा निरोप आला. पहिला प्रश्न, बिबट्याची की रानमांजराची? रानमांजराची पिल्लंही याच महिन्यांत उसात असतात, आणि लोक दोन्हींना बिबट्याच म्हणतात. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर दाट ठिपके असतात, रानमांजराचं पिल्लू भुरकट, फार तर पायांवर अंधुक पट्टे, शेपटी आखूड, कानांवर केसांचा झुबका. ही रानमांजराचीच निघाली, पण पुढची पद्धत दोन्हींना सारखी.

भाजलेलं नसेल तर पिल्लाला गावात आणायचं नाही. आई आसपासच असते. हातमोजे घालून वजन, जखम बघणं, मग त्याच जागी, आणि ती जागाच जळाली असेल तर सर्वांत जवळच्या उभ्या उसाच्या कडेला, क्रेटमध्ये. अंधार पडायच्या आत ठेवून माणसं, मोटारसायकली, टॉर्च सगळं २०० मीटर मागे. कॅमेरा ट्रॅप लावायचा, बघायला कोणी बसायचं नाही. बिबट्याची मादी क्रेट पाडून पिल्लं एक-एक करून उचलते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसरी, तिसरी रात्र. माणसाचा वास लागला म्हणून आई टाकून देते ही समजूत खोटी आहे. आई येत नाही ती गर्दीमुळे.

भाजलेलं पिल्लू असेल तर ते केंद्रात जातं आणि आईपासून तुटतं. ते तुटणं टाळण्यासाठी फक्त दोन-तीन दिवसांत बरी होणारी वरवरची जखम असेल तर उपचार करून परत ठेवता येतं. त्यापेक्षा जास्त नाही.

शेतकऱ्याला दोष देण्यापेक्षा पाचटाचं काय करायचं ते सांगितलेलं बरं. कुट्टी यंत्राने पाचट बारीक करून सरीत पसरायचं, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यायचं. खोडव्याला खत होतं, तणही दबतं. आणि पेटवायचंच असेल तर सकाळी, वारा उठायच्या आत, बांधाच्या दोन्ही बाजूंना ३-४ मीटर गवत काढून, आणि कुत्र्यासकट चालत एक फेरी मारून. त्या फेरीनेच यातली पिल्लं वाचली.

पाचवा दिवस: पुन्हा जलाशयावर

सोडण्यायोग्य कोण, हे बघायला पशुवैद्य केंद्रात थांबले, आम्ही जागा बघायला परत आलो. खुला पडलेला पट्टा, जळके खुंट, उथळ पाण्याला लागलेली राख. पावसात ती राख पाण्यात उतरेल तेव्हा शैवाल वाढेल, प्राणवायू घटेल आणि मासे वर येतील. थोड्या राखेने फरक पडत नाही, पण बंधाऱ्याजवळच्या साचलेल्या खोल पाण्याकडे लक्ष ठेवायला हवं.

पाण्याची भांडी आणि फळं ठेवायची का, हे गावातून विचारलं गेलं. पँटानलमध्ये आगीनंतर पाणवठे आटले होते, जगलेल्या जनावरांना मैलोन्‌मैल खायला काही नव्हतं, म्हणून पाण्याचे टँकर आणि फळांचे ढीग नेले गेले. इथे तशी स्थिती नाही. गोदावरी चार पावलांवर आहे, बाजूला हिरवा ऊस आणि गहू आहे. इथे भांडी ठेवली तर ती कुत्र्यांना आणि रोगाला बोलावणं होईल. त्याऐवजी जळालेल्या कडेला लागून राहिलेलं ओलं पाणकणीस यंदा तोडू नये, गुरं सोडू नयेत. उरलेल्या पक्ष्यांना लपायला तेवढंच आहे. बंधाऱ्याखालच्या गाळाच्या बेटांवर नदी सुरय या पक्ष्याची अंडी असण्याचा हा काळ आहे, तेव्हा बघायला म्हणून त्या बेटांवर पाय ठेवणंही आता बंद.

पाणकोंबडीला सोडण्याच्या कसोट्या साध्या आहेत. स्वतः खाते का, वजन आठवडाभर स्थिर आहे का, पिसांवर पाणी शिंपडलं तर थेंब घरंगळतात की आत मुरतात. थेंब मुरत असतील तर अजून नाही. करपलेलं उडण्याचं पीस गळून नवं येईपर्यंत बरं होत नाही, ते कापून छाटणं तर मुळीच नको. तिची तीन पिसं करपलेली आहेत, म्हणजे पुढची पीसगळती होईपर्यंत ती पिंजऱ्यात राहील, रोज दोन वेळा टबात पोहायला सोडून. धामण उन्हाळाभर. कासवाच्या पाठीची कडेची कातडी सुटायला लागली आहे, खालून हाड दिसतं का ते रोज बघावं लागेल. ते सोडायचं तर पावसाळ्यात, पाणी गढूळ आणि वाढतं असताना, आवर्तनाच्या जोराच्या धारेत नाही तर चापडगावच्या बाजूच्या शांत कडेला, आणि त्याआधी त्याचं वजन सलग चार आठवडे वाढलेलं असलं पाहिजे.